सरपणाची मोळी आणि आपला हक्क : सार्वजनिक जमिनीवरून जळाऊ लाकूड गोळा करण्याचे नियम

घरात गॅसची शेगडी आहे, पण सिलिंडर भरायला पैसे नाहीत, म्हणून चूल पेटते. विदर्भ, मराठवाडा आणि कोकणातल्या अनेक बौद्ध वस्त्यांत आजही हेच चित्र आहे. ज्याच्याकडे शेती आहे त्याला बांधावरची बाभूळ मिळते, पऱ्हाटी मिळते, तुराट्या मिळतात. ज्याच्याकडे शेतीच नाही त्याला सरपणासाठी सार्वजनिक जागेकडेच जावे लागते. ती जागा म्हणजे गायरान, ओढ्याचा काठ, रस्त्याकडेची झाडे किंवा जंगल.

तिथे गेलेल्या आपल्या आयाबहिणींना दोन प्रश्न विचारले जातात. वनरक्षक विचारतो, "कुणाला विचारून तोडलं?" गावातला एखादा विचारतो, "इथं तुमचा काय हक्क?" पहिला प्रश्न कायद्याचा आहे आणि त्याला बऱ्याचदा आधार असतो. दुसरा प्रश्न जातीचा आहे आणि त्याला कायद्यात कसलाही आधार नाही. कार्यकर्त्यांना दोन्ही प्रश्नांची उत्तरे माहीत असली पाहिजेत. त्यासाठी ही माहिती एकत्र दिली आहे.

१९२७ हे साल आपल्याला महाडमुळे पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि सार्वजनिक तळे सर्वांचे आहे हे दाखवून दिले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला भारतीय वन अधिनियम झाला. सार्वजनिक जंगलातली कोणती वस्तू कोणी घ्यायची, हे आजही बऱ्याच अंशी त्या कायद्यावरून ठरते. तळ्याचा प्रश्न आणि मोळीचा प्रश्न एकमेकांपासून फार लांबचे नाहीत. सार्वजनिक म्हणजे नक्की कोणाचे, हा दोन्हींतला मुद्दा आहे.

१. आधी जमीन कोणाची ते पाहा

सगळी सरकारी जमीन एकसारखी नसते. नियम जमिनीच्या प्रकारावर ठरतात. त्यामुळे पहिले काम कागद पाहण्याचे. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना १-अ मध्ये गावातील वनजमिनींची आणि १-ब मध्ये सरकारी जमिनींची नोंद असते. गाव नकाशा, गट नंबर आणि सातबारा सोबत पाहावा. जंगलात वनविभागाचे कक्ष क्रमांक असतात. आपल्या वस्तीतल्या बाया ज्या बाजूला जातात तो कक्ष कोणता, हे लिहून ठेवावे. काही जंगल वनविभागाऐवजी वनविकास महामंडळाच्या ताब्यात असते, तेही विचारून घ्यावे.

*गायरान आणि गावाची सरकारी जमीन.* महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार सरकारी जमीन गुरचरण, वैरण, वन किंवा जळणासाठी राखून ठेवता येते. म्हणजे जळण ही गावाची सार्वजनिक गरज आहे, हे कायद्यानेच मान्य केले आहे. गायरानात वाळलेल्या काड्या वेचण्याची वहिवाट बहुतेक गावांत जुनी आहे. उभे झाड मात्र परवानगीशिवाय तोडता येत नाही. सरकारी झाड विनापरवाना तोडल्यास त्याची किंमत वसूल होऊ शकते.

*विदर्भातील निस्तार.* विदर्भ पूर्वी मध्य प्रांतात होता. तिथे गावाच्या निस्तार हक्कांची लेखी नोंद ठेवण्याची पद्धत आहे. महसूल संहितेच्या कलम १६१ मध्ये निस्तार पत्रकाची आणि कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्जची तरतूद आहे. गावकऱ्यांनी चराई कुठे करायची, जळण, लाकूड व मुरूम कोणत्या अटींवर घ्यायचे, हे त्यात लिहिलेले असते. तहसील कार्यालयातून त्याची नक्कल मागता येते. पुष्कळ गावांत ही नोंद असते आणि वस्तीत ती कुणी पाहिलेली नसते.

*राखीव वन.* वन अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे इथे झाड तोडणे, फांद्या छाटणे, साल काढणे, आग लावणे आणि वनउपज गोळा करून नेणे हा गुन्हा आहे. वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी, शासनाचा नियम किंवा नोंदलेला हक्क असेल तरच मुभा मिळते. राखीव वनात जे दिले आहे तेवढेच चालते.

*संरक्षित वन.* इथे उलटे आहे. नियमाने ज्याला मनाई केली आहे ते चालत नाही. तरीही शासन काही झाडे राखीव ठरवू शकते, म्हणून स्थानिक नियम विचारावेत.

*अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान.* इथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि नियम सर्वांत कडक असतात. ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, बोर आणि सह्याद्री या व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात सरपणासाठी शिरू नये. बफर क्षेत्रातल्या गावांनी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी माहिती घ्यावी.

*रस्ता, कालवा आणि खाडी.* रस्त्याकडेची झाडे सार्वजनिक बांधकाम विभागाची किंवा जिल्हा परिषदेची असतात. वादळात पडलेले झाडही बेवारस नसते, विचारूनच उचलावे. मुंबई, ठाणे, रायगडच्या खाडीकाठची खारफुटी जळणासाठी कधीही तोडू नये. तिला कायद्याचे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांचे संरक्षण आहे, आणि भरतीच्या पाण्यापासून खाडीकाठच्या झोपड्यांना तिचाच आडोसा असतो.

२. कोणते लाकूड घ्यावे

जमिनीवर पडलेले, वाळलेले आणि हाताने मोडणारे लाकूड घ्यावे. सगळीकडे लागू पडेल असा नियम हाच. फांदी मोडताना कट्कन आवाज आला तर ती वाळलेली असते. ती वाकली किंवा सालीचा तंतू लोंबला, तर अजून ओली आहे.

विदर्भातील जंगल पानझडीचे आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जिवंत झाडही वठल्यासारखे दिसते. शंका आली तर नखाने साल थोडी खरवडावी. आत हिरवा थर दिसला तर झाड जिवंत आहे, त्याला हात लावू नये.

काही जण उभ्या झाडाची साल गोलाकार काढून ठेवतात आणि वर्षभराने ते झाड "वाळलेले" म्हणून नेतात. कायद्यात हा गुन्हा आहे आणि असे करणाऱ्यामुळे सगळ्या वस्तीचे नाव बदनाम होते. ही गोष्ट कुणी करत असेल तर वस्तीतच त्याला समज द्यावी.

सगळेच पडलेले लाकूड उचलू नये. कुजलेला ओंडका चुलीत नीट जळत नाही, नुसता धुमसतो. जंगलात मात्र त्यातच अळिंबी उगवते, किडे राहतात आणि त्याची माती होते. ढोली असलेल्या वाळक्या झाडात घुबड, पोपट, धनेश, सुतार असे पक्षी घर करतात. ती झाडे उभीच राहू द्यावीत. भिक्खूंच्या पातिमोक्खात सजीव वनस्पती तोडण्यास मनाई करणारा स्वतंत्र नियम आहे. उपासकांवर तो बंधनकारक नसला तरी त्यामागचा विचार आपल्याला परका नाही.

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, फणस, हिरडा, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी ही झाडे आहेत. ही झाडे खासगी जमिनीत असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. "मालकाने सांगितले म्हणून तोडले" हे उत्तर पुरत नाही.

मराठवाडा, सोलापूर भागात वेडी बाभूळ आणि बऱ्याच जंगलांत घाणेरी माजलेली आहे. या परक्या वनस्पती काढल्याने कुरणाचे आणि जंगलाचे भलेच होते. ग्रामपंचायतीकडून किंवा वनविभागाकडून त्या काढण्याची लेखी परवानगी घेतली, तर वस्तीला जळण मिळते आणि गावाचे कामही होते.

बिब्बा, कण्हेर आणि शेर मात्र चुलीत घालू नयेत. बिब्ब्याच्या तेलाने व धुराने अंगावर सूज येते, कण्हेर विषारी आहे, शेराचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. रंग दिलेली लाकडे, प्लायवूडचे तुकडे, जुने रेल्वे स्लीपर यांच्यावर रसायने असतात, तेही स्वयंपाकाला वापरू नये.

३. किती घ्यावे, कोणासाठी आणि कसे न्यावे

घरच्या चुलीसाठी डोक्यावरून नेलेली मोळी आणि वीटभट्टी, धाबा किंवा व्यापाऱ्यासाठी भरलेला टेम्पो यांत कायदा फरक करतो, आपणही करावा. मुभा दिलेली असते ती बहुतेक वेळा घरगुती वापरापुरती आणि डोईभाऱ्याची. गाडीने नेण्यासाठी वाहतूक परवाना लागू शकतो. आपल्या नावावर कुणी व्यापारी लाकूड काढून घेत असेल तर नकार द्यावा. पकडला जातो तो मजूर, व्यापारी सहसा नामानिराळा राहतो.

कुऱ्हाड आणि करवत घरी ठेवावी. झाड तोडण्याचा संशय आधी तिच्यावरूनच येतो, आणि गुन्हा घडला असे वाटल्यास कलम ५२ प्रमाणे लाकडासोबत हत्यारे, गाडी, बैलही जप्त होऊ शकतात. काटक्या वेचायला कोयता आणि दोर पुरतो. मोळी एकटीला वाटेत खाली टेकवता येईल एवढीच बांधावी. मान, कंबर आणि गुडघ्याची दुखणी जड मोळीनेच लागतात.

एकाच जागेवरून रोज वेचू नये, बाजू बदलत राहावे. पावसाळ्याचे सरपण मार्च ते मेमध्ये साठवून वळचणीला रचावे. वाळलेल्या लाकडाला धूर कमी होतो आणि त्याच स्वयंपाकाला लाकूडही कमी लागते. ढीग जमिनीपासून थोडा उंच ठेवावा, कारण त्याखाली विंचू, फुरसे, घोणस दडतात. जंगलातही ओंडक्याखाली हात घालण्याआधी काठीने हलवून पाहावे.

४. आग आणि वाघ

जंगलात बिडी, काडेपेटी नेऊ नये. पालापाचोळा वाळलेला असतो आणि एका थोटकाने डोंगर पेटतो. मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळण्याची सवय आहे, तीही सोडावी. पाला झाडूने बाजूला करता येतो.

चंद्रपूर, गडचिरोली भागात सरपण, मोह आणि तेंदूपानासाठी गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरण पावली आहेत. त्यात महिलांची संख्या मोठी आहे. म्हणून सूर्य वर आल्यावरच निघावे आणि ऊन कलण्याआधी परत यावे. चौघी-पाचजणींनी मिळून जावे, मोठ्याने बोलत राहावे. सगळ्यांनी एकाच वेळी वाकू नये, एकीने उभे राहून लक्ष ठेवावे. वाघ दिसल्याची खबर असेल तर तो भाग टाळावा. दुर्घटना घडलीच तर त्याच दिवशी वनविभाग व पोलिसांना कळवून पंचनामा करून घ्यावा. शासनाच्या आर्थिक साहाय्यासाठी तो कागद लागतो.

५. वनहक्क कायदा : परवानगीच्या पुढचा टप्पा

आतापर्यंत सांगितले ते परवानगीचे नियम. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ ने यात मोठा बदल केला. कलम ३(१) मध्ये निस्तारसारखे सामूहिक हक्क, गौण वनउपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क, आणि सामूहिक वनाचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला आहे. गौण वनउपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि झाडांचे बुंधे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. इमारती लाकूड त्यात येत नाही.

हा कायदा फक्त आदिवासींसाठी आहे असे आपल्या अनेक कार्यकर्त्यांना वाटते. तसे नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, मुख्यतः वनात राहणारे आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारे इतर समाजही त्यात येतात. पुरावा म्हणून निस्तार पत्रकासारखे जुने कागद चालतात, तसेच गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही चालतात. शिवाय सामूहिक हक्क गावाच्या ग्रामसभेला मिळतो आणि ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ स्त्री-पुरुष. बौद्ध वस्तीही त्यात आली.

गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. देशात असा हक्क मिळालेल्या पहिल्या गावांत त्याची गणना होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने हक्क मिळाल्यावर स्वतःहून तेंदूपानाची तोड बंद केली, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. हातात हक्क आला म्हणून गावाने जंगल ओरबाडले नाही, उलट स्वतःवर बंधन घातले.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शेजारच्या आदिवासी गावाला मिळालेल्या जंगलात आपण बाहेरचे असू, तर त्या ग्रामसभेला विचारल्याशिवाय मोळी आणू नये. "सरकारी जंगल आहे" हे उत्तर तिथे चालत नाही. आपला हक्क मागणाऱ्याने दुसऱ्याच्या हक्कावर पाय देऊ नये. दोन गावांनी बसून ठरवावे आणि ठराव लिहून घ्यावा.

६. अडवणूक झाली तर

*गावातल्या लोकांनी अडवले तर.* इतरांना गायरानात जळण मिळते आणि आपल्या बायांना हाकलले जाते, अशी स्थिती असेल तर तो नुसता भांडणाचा विषय नाही. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, १९८९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्या कलम ३(१)(झेडए) प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला गावाच्या सामाईक साधनसंपत्तीचा इतरांच्या बरोबरीने वापर करण्यापासून अडवणे गुन्हा आहे. कलम ३(१)(जी) मध्ये वनहक्कांच्या उपभोगात ढवळाढवळ करणेही गुन्हा ठरवले आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांचा समावेश झाला आहे. जातीचा दाखला तयार ठेवावा. घटनेची तारीख, वेळ, जागा, शब्द आणि साक्षीदार त्याच दिवशी लिहून काढावेत. मात्र कलम वापरायचे ते खऱ्या घटनेसाठीच. झाड तोडताना पकडले गेल्यावर ढाल म्हणून ते पुढे करू नये, त्याने खऱ्या पीडितांचे नुकसान होते.

*वन कर्मचाऱ्यांनी अडवले तर.* हुज्जत घालू नये, पळू नये. अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि कोणत्या कलमाखाली कारवाई होत आहे ते विचारावे. जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागावी. वाचून दाखवल्याशिवाय कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही-अंगठा करू नये. दंड भरला तर पावती घ्यावी, पावती नसलेला पैसा दंड नसतो. कोंबडी, रोकड किंवा फुकट मजुरी देऊन सुटका करून घेण्याची सवय मोडली पाहिजे. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महिलेला अटक करता येत नाही, हे प्रत्येकीला माहीत असावे.

७. युवकांनी या महिन्यात करायची कामे

१. वस्तीतल्या महिलांसोबत बसून त्या सरपणासाठी कुठे कुठे जातात याचा साधा नकाशा काढा. ही माहिती त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही.

२. माहिती अधिकारात गाव नमुना १-अ, १-ब, निस्तार पत्रक आणि सामूहिक वनहक्काच्या दाव्याच्या व पट्ट्याच्या प्रती मागवा.

३. वनहक्क समितीत कोण आहेत ते पाहा. समितीत दहा ते पंधरा सदस्य असतात आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि त्या हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. कोरम भरल्याची खोटी नोंद होत असेल तर लेखी हरकत द्या.

४. ग्रामसभेत सरपणाच्या नियमांचा ठराव मांडा : कोणती बाजू, कोणते महिने, कोणती झाडे वर्ज्य, घरटी किती मोळ्या, नियम मोडल्यास काय. सर्व वस्त्यांना एकच नियम असावा.

५. पडीक सरकारी जमिनीवर सुबाभूळ, गिरिपुष्प, बांबू लावण्याचा प्रस्ताव ग्रामपंचायतीला द्या. लावलेल्या झाडांच्या जळणात भूमिहीन घरांचा वाटा ठरावातच लिहून घ्या.

६. धूर कमी करणारी चूल वस्तीत एका घरी बसवून दाखवा. कमी सरपण लागले तर जंगलातल्या खेपाही कमी होतात.

सरपणाचे ओझे आपल्या आयांच्या डोक्यावर पिढ्यानपिढ्या आहे. ते उतरेल तेव्हा उतरेल, त्यासाठी गॅस, रोजगार आणि जमीन या मागण्या चालूच राहतील. तोवर निदान ती मोळी चोरून आणावी लागू नये, कुणाच्या पाया पडून आणावी लागू नये, आणि तिच्यासाठी जिवंत झाड पडू नये. पुढच्या ग्रामसभेला आपल्या वस्तीतल्या बायांना सोबत घेऊन जा. नियम तिथेच ठरतात, म्हणून त्यांनी तिथे बसले पाहिजे.

जय भीम.